नाव लेकराचं, अक्षर कुणाचं?

(येलदरी, ता. जिंतूर, जि. परभणी येथील वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो, त्यांनी आयुष्यभर दोन कामं केली. एक शिकवायचं. दुसऱ्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, ते म्हणजे जनरल रजिस्टर भरायचं. पहिलीत लेकरू आलं की आईबाप जे नाव सांगतील ते नीट ऐकायचं आणि रजिस्टरात लिहायचं. त्या एका ओळीवर लेकराचा दाखला, बोर्डाचं प्रमाणपत्र, जातीचा दाखला, नोकरी आणि शेवटी पेन्शनही उभी राहते. म्हणून आज मी हाच विषय घेतला: लेकरांच्या नावांची चमत्कारिक स्पेलिंगं, आणि ती पाहून आपण काय काय बोलतो.

विषय हसण्याचा आहे आणि थोडं हसूही. पण माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर 'हे कुठं चाललेत' असं व्हायला नको. चमत्कारिक स्पेलिंग दोन जातींचं असतं. एक हौसेचं आणि दुसरं नाइलाजाचं. हौसेचं आईबाप ठरवतात, नाइलाजाचं लिहिणारा ठरवतो. आपण दोन्हींना सारखंच हसतो. किंमत मात्र बहुतेक वेळा नाइलाजवाल्यालाच मोजावी लागते.

आपल्या गावाचंच घ्या ना. कुठं येलदरी लिहिलेलं असतं, कुठं यलदरी. १९५८ ते १९६८ या दहा वर्षांत धरण झालं, पूर्णा नदीचं पाणी अडलं, साडेबावीस मेगावॉटचं वीजघर उभं राहिलं, पण पहिल्या अक्षरावर काही एकमत झालं नाही. धरणाचं त्यानं काही बिघडलं नाही. गावाला शाळेचा दाखला लागत नाही. माणसाला लागतो.

कानातलं नाव

आपल्याकडं नाव ठेवायचा मान आत्याचा. बाराव्या दिवशी पाळणा बांधायचा, आत्यानं लेकराच्या कानात कुर्र करायचं आणि बायकांनी हसत हसत तिच्या पाठीत बुक्क्या घालायच्या. त्या नावाला स्पेलिंग नव्हतं. ते कानात सांगायचं नाव होतं. कागदाचा संबंध आला तो फार पुढं.

अक्षराचा संबंध मात्र पंचांगानं जोडून दिलेला होता. अवकहडा चक्रात प्रत्येक नक्षत्राच्या चार चरणांना चार अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. तिथं अडत नाही. पण लेकरू हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणावर जन्मलं की अक्षर येतं 'ण'. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणाला 'ङ', उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला 'ञ'. आता 'ण' वरून नाव ठेवायचं तरी काय? जुने जोशी समजूतदार होते. ते म्हणायचे, रास धरा आणि जवळचं दुसरं अक्षर घ्या. आजचा बाप मोबाइल उघडतो. मोबाइल 'नाही' म्हणत नाही. तो असं एक नाव काढून देतो की ज्याचा अर्थ आत्यालाही सांगता येत नाही आणि जोशीबुवांनाही. चमत्कारिक नावांपैकी बरीचशी या वाटेनं येतात.

आमच्या आजोबांच्या पिढीत दगडू, धोंडू, कचरू, केरबा, भिका, उकिरडा ही नावं घरोघरी होती. लेकरं जगत नव्हती. पाठोपाठ दोन-तीन गेली की पुढच्याला मुद्दाम टाकाऊ नाव द्यायचं, म्हणजे कुणाची नजर लागणार नाही. त्या ओबडधोबड नावामागं आईचा जीव अडकलेला असायचा. पण हाच दगडू शाळेत गेला आणि हजेरीत त्याचं नाव पुकारलं की वर्ग खिदळायचा. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. त्याची सगळी मांडणीच अशी आहे, की शिकलासवरलेला दया पवार एका बाजूला, त्याच्याच आतला दगडू मारुती पवार दुसऱ्या बाजूला, आणि कहाणी सांगतो तो दगडू. नाव बदललं म्हणून दगडू गेला नव्हता.

आणि सगळ्याच हलक्या नावांमागं माया होती असंही समजू नका. शूद्राचं नाव निंदा दाखवणारं असावं, असं मनुस्मृतीनंच लिहून ठेवलेलं आहे. मुलींच्या बाबतीत तर आपण घरातच हे केलं. मुलगा हवा होता, पुन्हा मुलगीच झाली, तर तिचं नाव नकुशी. २२ ऑक्टोबर २०११ रोजी साताऱ्यात जिल्हा परिषदेनं समारंभ करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली, प्रमाणपत्रं दिली. बातमी जगभर गेली. मला त्या बातमीतलं महत्त्वाचं वाटतं ते प्रमाणपत्र. टाळ्या थांबल्या तरी शाळेच्या रजिस्टरात, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात ती मुलगी जुन्याच नावानं बसलेली असते. तिथून तिला उठवायला कागदच लागतो.

हौसेचं स्पेलिंग

आता हौसेकडं वळू. नाव साधं आरव. पण त्याचं स्पेलिंग ए-ए-आर-ए-व्ही. शिवांशमध्ये दोन ए, रुद्रच्या शेवटी एक जादा ए, आरोहीच्या शेवटी दोन आय. शाळेत नाव घालायला असं लेकरू आलं की ऑफिसात कुजबुज होते. "एवढे ए कशाला? फुकट वाटत होते काय?" कुणी म्हणतं, "शहरातली हवा लागली." आजी बिचारी विचारते, "हाक मारताना हे सगळे ए म्हणावे लागतात का रे?"

या हौसेत दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करू. पहिली गोष्ट अंकशास्त्राची. या लोकांच्या कॅल्डियन म्हणवल्या जाणाऱ्या कोष्टकात इंग्रजी अक्षरांना एक ते आठ असे आकडे दिलेले असतात. त्यात ए, आय, जे, क्यू आणि वाय यांचा आकडा एक. नावाची बेरीज 'चांगल्या' आकड्याला एकानं कमी पडली तर काय करायचं? एक ए किंवा एक आय वाढवायचा. सोपं काम. त्यानं नशीब बदलतं यावर माझा काडीचा विश्वास नाही, पण जादा ए कुठून येतात एवढं त्यावरून कळतं.

दुसरी गोष्ट मात्र शहाणपणाची आहे. आमच्या पिढीत अमितची सुरुवात एका ए-नं आणि आशाचीही एका ए-नं. अ कुठं नि आ कुठं, ते वाचणाऱ्यानं ओळखायचं. आजचे आईबाप 'आ'साठी दोन ए लिहितात. ते उलट उच्चाराच्या जास्त जवळ आहे. त्याला हसणारे आपण स्वतः चुकीचं लिहीत आलो, फक्त चूक सगळ्यांची एकच होती म्हणून ती बरोबर वाटत होती.

हौसेचं स्पेलिंग मोठ्या घरात असलं की आपण हसतही नाही. लातूर जिल्ह्यातल्या बाभळगावच्या देशमुखांचा रितेश पडद्यावर आला आणि त्यानं इंग्रजी नावात ई-नंतर एक जादा आय घेतला. कुणी 'हे काय' म्हणालं नाही, उलट लोकांनी ते पाठ केलं. मराठी सिनेमात सोनाली कुलकर्णी दोन. धाकट्या सोनालीच्या इंग्रजी नावाच्या शेवटी दोन ई आहेत, आणि त्यामुळं पोस्टरवर कोणती सोनाली ते कळतं. म्हणजे जादा अक्षर कामालाही येतं. तेच अक्षर तांड्यावरच्या मुलीच्या आधारकार्डावर जादा पडलं की मात्र आपण म्हणतो, "अडाणी लोक, स्पेलिंगसुद्धा धड येत नाही." अक्षर तेच. माणूस बदलला की आपलं मत बदलतं.

आईबापांच्या हौसेला लगाम घालावा का? जगात काही देशांनी तसं केलेलं आहे. स्वीडनमध्ये १९९६ साली एका जोडप्यानं मुलासाठी ४३ अक्षरांचं नाव दिलं आणि उच्चार सांगितला 'अल्बिन'. नावाच्या कायद्याचा निषेध म्हणून केलेला तो उद्योग होता. न्यायालयानं नाव फेटाळलं, वर आधी झालेला पाच हजार क्रोनरचा दंडही कायम ठेवला. जपानमध्ये वेगळीच अडचण. तिथं चित्रलिपीतलं अक्षर एक लिहायचं आणि उच्चार भलताच सांगायचा, अशी फॅशन आली. शाळेत मास्तरांना हजेरी घेता येईना. शेवटी २६ मे २०२५ पासून तिथं कुटुंबनोंदणीत नावाचा उच्चारही नोंदवायचा नियम झाला, आणि अक्षराशी ज्याचा काहीच संबंध नाही असा उच्चार नाकारता येऊ लागला.

आपल्याकडं असा लगाम नको, असं माझं मत आहे. ज्या देशात अजून नकुशी जन्मते, तिथं नावाची परवानगी देणारा साहेब नेमला तर तो उद्या कुणाच्या नावावर काट मारील याची खात्री नाही. हौस आईबापांची, निस्तरतीलही तेच. आपली काळजी दुसऱ्या जातीची आहे.

मराठी कान, इंग्रजी अक्षर

नाइलाजाचं मूळ असं, की आपली नावं ज्या आवाजांची आहेत ते सगळे आवाज इंग्रजी सव्वीस अक्षरांत मावत नाहीत. आपण कानानं लिहितो. ज्ञानेश्वरची सुरुवात डी-एन-वाय-नं करतो, कारण आपण 'द्न्या' म्हणतो. उत्तरेतला माणूस 'ग्या' म्हणतो, म्हणून जी-वाय लिहितो. पंडित लोक जे-एन लिहितात. आमचा ज्ञानोबा बंगळुरूच्या कंपनीत गेला की पहिल्या दिवशी त्याला 'डिन्या' म्हणून हाक मारतात. चूक कुणाचीच नाही. एकाच अक्षराला तीन कान आहेत.

'ऋ' चं तसंच. मराठी माणूस 'रु' म्हणतो, हिंदी माणूस 'रि'. म्हणून आपल्याकडं ऋतुजा, अमृता, हृषीकेश यांच्यात यू येतो आणि तिकडं आय. पुण्याचा ऋतुराज गायकवाड भारताकडून खेळला तो यू घेऊनच. हिंदी मुलखात तोच 'रितुराज' झाला असता. 'व' ला कुणी व्ही लिहितं, कुणी डब्ल्यू, तर कधी एकाच घरात बापाला डब्ल्यू आणि लेकाला व्ही. 'ळ' तर इंग्रजीत नाहीच. के-ए-एल-ई म्हणजे काळे, काले की कले, हे फक्त त्या घरच्यांनाच ठाऊक. शेख मंडळींची तर पंचाईतच आहे. एका भावाच्या कागदावर ए-आय, दुसऱ्याच्या ई-आय, तिसऱ्याच्या नुसतं एस-के. मोहम्मदचं कुठं पूर्ण स्पेलिंग, कुठं एम-डी, कुठं एम-ओ-एच-डी. कारकुनाचा हात दुखला म्हणून नाव आखूड झालं, आणि ते आखूड नाव तीन पिढ्या चाललं.

आणि मराठीत तरी कुठं एकवाक्यता होती? साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली सरकारनं मान्य केले. त्यानंतर शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ झाला. आधी जन्मलेल्यांत 'हरि' आणि 'शशि' ऱ्हस्व, नंतरचे दीर्घ. नियम भाषेसाठी होता, पण माणूस मधोमध सापडला.

लिहिणाऱ्याच्या हातून

आपला मराठवाडा या बाबतीत दुहेरी अडचणीत होता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. दप्तर उर्दूत. उर्दू लिपीत ळ आणि ण यांना स्वतंत्र अक्षर नाही आणि ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्या लिपीत बाळू बसवायचा तर तो बालू होणार. पुढं तोच कागद मराठीत उतरवून घेताना उतरवणाऱ्याला वाटेल तसं नाव झालं. या नोंदी जुन्या गोष्टी म्हणून सोडून देता येत नाहीत. कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा आपल्या विभागातली मोडी आणि उर्दू दप्तरं पुन्हा बाहेर निघाली. पणजोबाचं नाव कुणी कसं लिहिलं, यावर आज पणतूचा अर्ज ठरू लागला.

इथं बसलेल्यांपैकी ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांना हे वेगळं सांगायला नको. प्रकल्पग्रस्तांना सरकारी नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. प्रमाणपत्रासाठी भूसंपादनाच्या निवाड्यातलं नाव आणि आजचं नाव जुळावं लागतं. निवाड्यात 'किसन', सातबाऱ्यावर 'किशन', नातवाच्या दाखल्यावर 'कृष्णा', म्हणजे तीन माणसं झाली. एकच म्हातारा, पण कागदावर तिघं, आणि तिघांपैकी एकाचंही नातं सिद्ध होत नाही.

मग आधार आलं. पहिली आधारकार्डं २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात वाटली गेली. कल्पना चांगली होती: एक माणूस, एक आकडा. पण आकड्याबरोबर नावही आलं आणि ते इंग्रजीतून टाइप होऊ लागलं. इंग्रजी टाइप केलं की खाली मराठी नाव यंत्र आपोआप तयार करतं. यंत्राला ठ आणि थ यांतला फरक इंग्रजीवरून कळत नाही, ड आणि द यांतला कळत नाही. राठोडचा राथोड होतो, ढगेचा धागे होतो, सानपचा सनप होतो. टाइप करणाऱ्यानं खालची मराठी ओळ वाचून दुरुस्त करायची असते. रांग मोठी असली की ती ओळ कोण वाचतो?

सेतू केंद्रावर थोडा वेळ नुसतं उभं राहिलात तरी हे दिसेल. एका आईच्या कडेवर सव्वा-दीड वर्षाचं लेकरू, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला जन्माचा दाखला. टाइप करणारा पोरगा मान वर न करता विचारतो, "मावशी, स्पेलिंग सांगा."

"आम्हाला काय कळतंय बाबा त्यातलं. तूच टाक नीट."

"नंतर चुकलं म्हणाल."

"नाही म्हणत. टाक."

तो टाकतो. ती अंगठा लावते. लेकरू बोट यंत्रावर धरण्याच्या वयाचं नसतं, म्हणून फोटो काढतात. लेकरू रडतं. पावती हातात येते आणि ती बाई ती न वाचताच पिशवीत ठेवते, कारण तिला वाचता येत नाही. नोंदणी करताना रहिवाशाकडं तोंड करून दुसरा स्क्रीन ठेवायचा असतो, म्हणजे त्यानं नाव बघून 'बरोबर आहे' म्हणावं. स्क्रीन असतोही. पण दाखवायला स्क्रीन पुरत नाही, मोठ्यानं वाचून दाखवणारा माणूस लागतो.

त्या दिवशी जे अक्षर पडतं ते शाळेत उपटतं. आता विद्यार्थ्याला बारा आकडी अपार आयडी काढायचा असतो. यू-डायस या शाळांच्या माहितीच्या नोंदीतलं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळलं तरच तो निघतो. शाळेतली शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेला विद्यार्थी धरायचा तर आधार वैध लागतं. म्हणजे लेकराच्या नावातल्या एका अक्षरावर गावच्या शाळेतल्या मास्तरचं पदही लटकतं. मग मुख्याध्यापक बापाला फोन करतात, "आधार दुरुस्त करून आणा." बाप म्हणतो, "सर, आम्ही कारखान्यावर आहोत. दिवाळीनंतर निघालो, आता पाडव्यापर्यंत येत नाही."

इथं खरी मेख आहे. आपल्या जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी माणसं सहा-सहा महिने बाहेर असतात. लेकरं तिकडं जन्मतात. कायद्याप्रमाणं जन्म जिथं झाला तिथंच त्याची नोंद होते. कोल्हापूर-सांगलीकडच्या एखाद्या ग्रामपंचायतीत नाव लिहिलं जातं, लिहिणाऱ्याला आपली बोली ओळखीची नसते, आई गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, नाव सांगते, तो त्याला समजेल ते मराठीत बसवतो. तिथं चुकलेलं अक्षर दुरुस्त करायचं तर त्याच कार्यालयात जावं लागतं. प्रवासभाडं, दोन दिवसांची मजुरी, आणि तिथं गेल्यावर "साहेब मीटिंगला गेलेत". हौसेच्या जादा ए-ला एवढा खर्च येत नाही.

बायकांच्या नावाची गोष्ट तर आणखी निराळी. माहेरी एक नाव, लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं दुसरं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, रेशनकार्डावर सासरचं, आधारवर टाइप करणाऱ्याला सुचलेलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा बँकांपुढं ज्या रांगा लागल्या, त्यांत किती बाया पैशासाठी उभ्या होत्या आणि किती स्वतःचंच नाव जुळवायला, हे त्या रांगेत उभ्या राहिलेल्यांनाच विचारा. त्याच वर्षी १४ मार्चला शासनानं निर्णय काढला की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकराच्या नावापुढं आधी आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव लिहायचं. निर्णय फार चांगला आहे. आई कागदावर आली. पण त्याच्याबरोबर आईच्या नावाचं स्पेलिंगही आलं. ते आज नीट ठरवून घेतलं नाही, तर पंधरा वर्षांनी दहावीच्या फॉर्मवर ते नडेल.

कायदा काय म्हणतो

कायदा वाटतो तितका आडमुठा नाही. फक्त तो कुणी सांगत नाही. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याच्या कलम १४ प्रमाणं लेकराची नोंद नावाशिवायही करता येते आणि नाव नंतर सांगता येतं, तोंडी किंवा लेखी. बारा महिन्यांच्या आत सांगितलं तर त्याला फी नाही. म्हणजे दवाखान्यात घाईघाईनं नाव ठोकून द्यायची गरजच नाही. बारसं होऊ द्या, आत्याला कुर्र करू द्या, घरात बसून स्पेलिंग ठरवा आणि मग जा.

कलम १५ चुकीच्या दुरुस्तीचं. मूळ नोंद खोडायची नाही, तिच्या समासात दुरुस्ती लिहायची, सही आणि तारीख घालायची. मला हे कलम आवडतं. चूक लपवत नाही आणि माणसाला चुकीत अडकवूनही ठेवत नाही.

१ ऑक्टोबर २०२३ पासून या कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. त्या दिवसापासून जन्मलेल्यांसाठी शाळेच्या प्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मदाखला हाच पाया. म्हणून पहिल्याच ओळीत अक्षर बरोबर पाहिजे. शाळेच्या रजिस्टराचं बघाल तर माध्यमिक शाळा संहितेप्रमाणं शाळा सोडल्यावर नोंदीत बदल होत नाही. पण उघड दिसणारी लेखनातली चूक शाळा सोडल्यावरही दुरुस्त करता येते, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०१९ मध्ये सांगितलेलं आहे. आणि आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, हे लक्षात ठेवा. पहिली संधी अर्धवट कागद घेऊन जाऊन वाया घालवू नका. ज्याला नावच बदलायचं आहे त्याला राजपत्र आहे. आपण त्याला 'गॅझेट करणं' म्हणतो.

हजेरी

शेवटचा मुद्दा आपल्या तोंडाचा. कागद सुधारायला वेळ लागेल, तोंड आजच सुधारता येईल.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्यातल्या शाळेच्या रजिस्टरात एका मुलाचं नाव लिहिलं गेलं, 'भिवा रामजी आंबेडकर'. तो दिवस आता आपण राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतो. भिवाचे पुढं भीमराव झाले आणि त्यांनी या देशाची घटना लिहिली. रजिस्टरातलं नाव माणसाची उंची ठरवत नाही. पण त्या वयाच्या लेकराला हे कुठं ठाऊक असतं? त्याला एवढंच कळतं, की आपलं नाव घेतलं की सर थांबतात, कागद डोळ्यांजवळ नेतात, म्हणतात "हे काय लिहिलंय?", आणि चाळीस पोरं मागं वळून बघतात. दुसऱ्या दिवशी ते लेकरू हजेरी संपल्यावर वर्गात येतं. मास्तर त्याच्या नावापुढं उशिराची खूण करतात.

त्या लेकरानं आपलं स्पेलिंग लिहिलेलं नाही. त्याच्या आईनं लिहिलेलं नाही. ज्यानं लिहिलं तो आपल्यासारखाच शिकलेला, नोकरीतला माणूस होता. तेव्हा हसायचंच असेल तर स्वतःला हसावं.

म्हणून माझ्या विनंत्या साध्या आहेत. ग्रामपंचायतीला विनंती की वर्षातून एकदा, ऊसतोडीची माणसं गावात असतील त्या दिवसांत, नावदुरुस्तीचं शिबिर घ्यावं. जन्मदाखला, आधार आणि शाळा यांची माणसं एका टेबलावर बसवावीत. ज्या नोंदी परजिल्ह्यात आहेत, त्यांचा पत्रव्यवहार ग्रामपंचायतीनंच करावा. मजुरानं दोन दिवसांची मजुरी बुडवून एका अक्षरासाठी कोल्हापूर गाठावं, हे आपल्याला शोभत नाही. शिक्षकांना विनंती की पहिल्या दिवशी प्रत्येक लेकराला जवळ बोलवून विचारावं, "तुझं नाव घरी कसं म्हणतात?" आणि वर्षभर तसंच म्हणावं, कागद काहीही सांगो. तरुण आईबापांना विनंती की हवे तेवढे ए घाला, पण एकदा ठरवलेलं स्पेलिंग एका वहीत लिहून ठेवा आणि प्रत्येक फॉर्म भरताना ती वही समोर धरा.

आणि ज्यांच्या हातात लेखणी किंवा की-बोर्ड आहे, त्या सगळ्यांना एकच सांगणं. दुसऱ्याचं नाव लिहून झालं की सही करण्याआधी, अंगठा घेण्याआधी, ते त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. अर्धा मिनिट लागतं. कुठल्याही शासननिर्णयाची वाट बघायची गरज नाही. उद्या सकाळी कार्यालय उघडल्यापासून सुरू करा.